वरळीपर्यंत न पोहोचलेली चित्रे

चित्रपटगृहाच्या परवान्यात, आग विझविण्याची साधने कोठे ठेवावीत आणि बाहेर पडण्याचे दरवाजे किती असावेत अशा रूक्ष अटींच्या शेजारी, आणखी एक कलम असे; ते असे की, प्रत्येक खेळात सरकारमान्य चित्रफीत दोन हजार फुटांपर्यंत दाखविलीच पाहिजे आणि तिचे भाडेही थिएटरच्या मालकानेच भरले पाहिजे. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, भारत संरक्षण नियमांखाली परकीय सरकारने काढलेला हा हुकूम युद्धाबरोबर लोपला खरा. परंतु १९४८ मध्ये मुंबईस फिल्म्स डिव्हिजन हे खाते स्थापन झाले तेव्हा स्वकीय सरकारने तीच तजवीज पुन्हा अमलात आणली, आणि पुढील कित्येक दशके नर्गिस वा दिलीपकुमार पाहावयास पदरचे पैसे मोडून आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला आधी धरणे, कालवे, देवीची लस आणि पंचवार्षिक योजना पाहून घ्याव्या लागल्या. दोन हजार फूट म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर सुमारे बावीस मिनिटे. अमेरिकेतील अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेतून जाहिराती वजा केल्या म्हणजे जो काळ उरतो, तोही पुढे साधारण एवढाच ठरला. हा निव्वळ योगायोग होय. तथापि प्रौढांसाठी हलती व्यंगचित्रे काढणारे कलावंत, ती पाहण्यास कायद्यानेच बसविलेला प्रौढ प्रेक्षक आणि त्यांच्याकरिता राखून ठेवलेला हा अवकाश, या तीनही गोष्टी अमेरिकेत व्यंगचित्रांची पहिली कौटुंबिक मालिका सुरू होण्यापूर्वीच मुंबईच्या एका सरकारी खात्याच्या हाती आलेल्या होत्या. असे असता आपल्याकडे तशी मालिका का झाली नाही, याचा शोध घेऊ लागले म्हणजे कलावंतांच्या गुणांपेक्षा दफ्तरांच्या रचनेचाच इतिहास अधिक लिहावा लागतो.

हलते चित्र हे पोराबाळांचे खेळणे आहे, ही समजूत आपल्याकडे मुळात नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती आगपेटीतील काड्या एकेका चित्रचौकटीगणिक तसूभर सरकवून, आणि ती पाहावयास आलेला समाज हा त्यांचे पौराणिक पट पाहणाराच, सर्व वयांचा समाज होता. प्रभात कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यास बस्तान बसविल्यानंतर लवकरच, १९३४ मध्ये, रघुनाथ केळकरांकडून ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा छोटा व्यंगपट करविला. आणि १९३९ मध्ये गो. का. गोखले यांनी ‘सुपरमॅन्स मिथ’ काढला. हे सर्व उद्योग हौसेचे, एकांड्या शिलेदारीचे होते. एखाद्या कंपनीच्या मालकाला लहर यावी, चित्रकाराने वर्षभर खपावे, चित्र लागावे आणि मग जमाखर्चाचा ताळा पाहून मालकाने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये, असाच क्रम होता. कारण मुख्य बोलपटाच्या आधी दाखविल्या जाणाऱ्या या चिमुकल्या चित्राकरिता तिकिटाला एक आणाही जादा मिळत नसे. ज्या व्यवसायात मागणी नाही त्यात कसब टिकते ते केवळ आश्रयदात्याच्या बळावर, आणि त्या काळी पदरी चित्रकार बाळगू शकेल असा आश्रयदाता एकच उरला होता. तो म्हणजे सरकार.

सरकारने तो आश्रय दिला १९५६ च्या सुमारास. अमेरिकन तांत्रिक सहकार्याच्या योजनेखाली क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या व्यंगपट विभागात शिक्षक म्हणून दाखल झाले. हे वीक्स जन्माने भारतातलेच, मिशनरी दांपत्याचे चिरंजीव. डिस्नेच्या कारखान्यात ‘स्नो व्हाइट’, ‘बांबी’ आणि ‘पीटर पॅन’ या चित्रांवर हात बसवून आलेले. त्यांच्याबरोबर या कामासाठी लागणारा खास कॅमेरा आला. त्यांच्या हाताखाली गोखल्यांसारखे आधीच मुरलेले कलावंत होते, तसेच रसायनशास्त्राची पदवी घेऊन मद्रासेहून आलेले राममोहन नावाचे पंचविशीचे तरुण होते, ज्यांचे नाव पुढे अर्धशतकभर भारतीय अॅनिमेशनशी निगडित राहावयाचे होते. बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष नुकतेच देशभर साजरे झाले होते; तेव्हा पहिल्या चित्रास जातककथेचा विषय निवडला गेला हे स्वाभाविकच होय. गाभण हरिणीच्या बदली स्वतःची मान वधस्तंभावर ठेवणाऱ्या मृगराजाची ती कथा ‘द बन्यन डिअर’ या नावाने १९५७ मध्ये पडद्यावर आली.

या कामाचे स्वरूप ठाऊक असल्याखेरीज पुढील इतिहासाचे मर्म ध्यानात येणार नाही. मेजाच्या मध्यभागी धुरकट काच, तिच्या खाली दिवा, आणि काचेच्या कडेला कागद यत्किंचितही हलू नये म्हणून खुंट्यांची एक पट्टी, जिला कलावंत पेग बार म्हणत. मुख्य चित्रकाराने हालचालीची टोके तेवढी काढावयाची. हात खाली आहे आणि हात वर गेला आहे. मधल्या अवस्था काढावयाच्या त्या हाताखालच्याने. मग चारपाच कागद डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत धरून ते फडफडवावयाचे आणि हात खरोखरच वर जातो की नुसता थरथरतो ते डोळ्यांनी पाहावयाचे. मनाजोगते झाले म्हणजे ती रेषा पारदर्शक सेलवर शाईने उतरवावयाची, सेल उलटी करून पाठीमागून रंग भरावयाचा, तो वाळू द्यावयाचा, आणि कोणती सेल कोणत्या चौकटीस येणार याची नोंद असलेल्या लांबोळक्या तक्त्याबरहुकूम, एक्स्पोजर शीटबरहुकूम, एकेक चौकट कॅमेऱ्याखाली टिपावयाची. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले तरी मिनिटाला सातशेवीस चित्रे लागतात. बावीस मिनिटांना पंधरा हजार आठशेचाळीस. सरकारी खात्यात मासिक वेतन ठरलेले आणि मुदत लवचीक असल्यामुळे हा आकडा कोणास भेवडावीत नसे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करावीत आणि ती निगुतीने करावीत, अशी तेथील रीत पडली. कलेच्या दृष्टीने ती उत्तम होती. मालिकेच्या दृष्टीने मात्र त्या रीतीतच पुढील वांझपणाचे बीज होते.

दुसरे एक कारण याहून सूक्ष्म आहे आणि आमच्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. फिल्म्स डिव्हिजनचे प्रत्येक चित्र मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली, आसामी अशा अनेक भाषांत काढावे लागे. पात्र तोंड हलवून बोलू लागले म्हणजे ओठांची हालचाल एका भाषेशी जुळणार आणि बाकीच्यांशी विसंवादी होणार. त्यापेक्षा पात्राने मुके राहावे आणि निवेदकाने बोलावे, हे सोयीचे. परिणामी त्या चित्रांतील माणसे धावतात, पडतात, नांगर धरतात, रांगेत उभी राहतात, पण भांडत नाहीत, कुरकुरत नाहीत, बायकोला टोमणा मारीत नाहीत. कौटुंबिक विनोदाचा प्राण जो संवाद, त्यालाच येथे मज्जाव होता. शिवाय संहितेचा मसुदा ज्या खात्याचा विषय असेल त्या खात्याच्या मंजुरीस जावयाचा. आणि संततिनियमनावरील चित्रात सासूने सुनेला काय म्हणावे हे एखाद्या अवर सचिवाने ठरवावयाचे म्हटल्यावर सासूने गप्प बसणेच इष्ट होते.

आता समुद्रापलीकडे काय चालले होते ते पाहू. १९५७ मध्ये एमजीएम कंपनीने आपला व्यंगपटांचा कारखाना बंद केला आणि ‘टॉम अँड जेरी’चे जनक विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा रिकामे झाले. दूरचित्रवाणीवाले त्यांना काम देण्यास तयार होते. पण पूर्वी ज्या पैशांत एक मिनिटही झाले नसते तेवढ्यात पाच मिनिटांचे चित्र मागत होते. या अडचणीतून जी युक्ती निघाली ती कलेच्या इतिहासात फारशी गौरवाने सांगितली जात नाही, तरी पुढे जे काही झाले ते तिच्यावरच झाले. पात्राचे धड एका सेलवर स्थिर ठेवावे, डोके दुसऱ्यावर, ओठ तिसऱ्यावर. जेवढे हलणे अवश्य तेवढेच हलवावे. आणि धड व डोके यांचा सांधा दिसू नये म्हणून पात्राच्या गळ्यात टाय वा गळपट्टी बांधावी. अश्मयुगातील फ्रेड फ्लिन्टस्टोन कातडे पांघरूनही गळ्यात टाय बांधतो, त्याचे एक कारण हे आहे. चित्रांची संख्या अशी आटली म्हणजे प्रेक्षकाला धरून ठेवावयाचे कशाने? अर्थात शब्दांनी. म्हणून त्या मंडळींनी ‘द हनीमूनर्स’ या जिवंत नटांच्या लोकप्रिय मालिकेचा साचा घेतला. तापट नवरा, त्याला वळणावर आणणारी बायको, शेजारचे दांपत्य, नोकरी, मालक. आणि तो पाषाणयुगात नेऊन ठेवला.

‘द फ्लिन्टस्टोन्स’ ३० सप्टेंबर १९६० रोजी, शुक्रवारी रात्री साडेआठ वाजता, एबीसी वाहिनीवर सुरू झाले. वेळ मोठ्यांची, पार्श्वभूमीला प्रेक्षकांचे ध्वनिमुद्रित हसणे, आणि आश्रयदाता सिगारेटचा कारखाना, ज्याच्या जाहिरातीत फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी स्वतःच विन्स्टन ओढीत. त्या खटाटोपात वाणीचे महत्त्व केवढे होते हे एका प्रसंगावरून कळते. बार्नीला आवाज देणारे मेल ब्लँक १९६१ च्या जानेवारीत मोटार अपघातात मरणोन्मुख झाले. काही भागांपुरता दुसऱ्या नटाने तो आवाज सांभाळला. आणि पुढे ब्लँक शुद्धीवर आल्यावर, सर्वांग प्लास्टरमध्ये असता, ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्यांच्या बिछान्यापाशी नेऊन, बाकीच्या नटांना भोवती उभे करून, भाग मुद्रित करण्यात आले. चित्र थांबले तरी चालेल, आवाज थांबता कामा नये. १९६३ मध्ये फ्रेडच्या घरी कन्या जन्मली, तेव्हा सिगारेटवाले गेले आणि द्राक्षरसाचे कारखानदार आले. मालिका हळूहळू मुलांच्या कलाने वळली, आणि १६६ भाग होऊन १९६६ च्या एप्रिलमध्ये आटोपली.

ती आटोपत होती त्याच काळी मुंबईच्या पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनमध्ये खरी बहार आली होती, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा. इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना त्यांनी जाँ भावनगरी यांना पॅरिसहून बोलावून घेतले. या गृहस्थांनी पूर्वीच्या खेपेस पहाडी लघुचित्रांवरून ‘राधा अँड कृष्ण’ (१९५८) करून खात्याचे नाव देशोदेशी नेले होते. १९६५ ते १९६७ या त्यांच्या कारकिर्दीत आजवर कारकुनी शिस्तीत वाढलेल्या खात्याने काही काळ हुकमाबाहेर विचार करण्याची मुभा घेतली. गोखल्यांनी दिग्दर्शित केलेला आणि राममोहनांनी लिहिलेला ‘होमो सॅप्स’ (१९६६) हा मानवाच्या पराक्रमाचा आणि मूर्खपणाचा उपरोधपूर्ण आलेख त्याच काळातला. त्याला प्रायोगिक चित्राचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. प्राग येथे बाहुलीपटांचे शिक्षण घेऊन आलेले प्रमोद पती तर जिवंत माणसांनाच चौकटीचौकटीने सरकवून बाहुल्यांसारखे नाचवू लागले. ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) हे त्यांचे चिमुकले चित्र कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे आहे, आणि ते पाहून प्रचार करणाऱ्यास व तो ऐकणाऱ्यास दोघांनाही नेमके काय वाटले असेल याचे कुतूहल आजही वाटते. कुटुंबनियोजन! प्रौढांसाठी म्हणून याहून प्रौढ विषय कोणता असू शकतो? जगात क्वचितच एखाद्या सरकारने आपल्या नागरिकांच्या शयनगृहाविषयी इतकी हलती चित्रे काढविली असतील. परंतु त्या सर्व चित्रांत नवरा-बायको आहेत, पण कोणतेही एक नवरा-बायको नाहीत. त्यांना नाव नाही, शेजारी नाही, मागील आठवड्याचे भांडण नाही. ‘छोटे कुटुंब’ आणि ‘मोठे कुटुंब’ अशी ती दोन उदाहरणे आहेत, आणि उदाहरणांची मालिका होत नसते.

राममोहन १९६७ मध्ये खात्यातून बाहेर पडले, प्रसाद प्रॉडक्शन्सच्या अॅनिमेशन विभागाचे प्रमुख झाले, तेथे ‘बाप रे बाप’ (१९६८) केला, आणि १९७२ मध्ये राममोहन बायोग्राफिक्स ही आपली स्वतःची संस्था काढली. सरकारी वेतन सुटले म्हणजे कलावंताला जाहिरातदाराचे दार ठोठवावे लागते. दात घासण्याची पूड, साबण, बिस्किटे यांच्या चाळीस-पन्नास सेकंदांच्या जाहिरातींवर मुंबईतील हा सारा व्यवसाय पुढे जगला. तरीही प्रौढांसाठी रेषेने बोलण्याची संधी मधूनमधून येत राहिली, आणि ती दिली चित्रपट-दिग्दर्शकांनी. मृणाल सेनांच्या ‘भुवन शोम’ (१९६९) मध्ये रेल्वेच्या कडक साहेबाची ओळख करून देताना अॅनिमेशनचा उपयोग झाला तो राममोहनांच्या हातून. सत्यजित रायांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) मध्ये लॉर्ड डलहौसी एकेक संस्थान चेरीच्या फळासारखे तोंडात टाकतो, तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना व्यपगताचा सिद्धांत पुन्हा पुस्तकातून वाचावा लागणार नाही. आणि ‘पति पत्नी और वो’ (१९७८) या दांपत्यकलहाच्या विनोदपटातही राममोहनांची चित्रे होती. नीट पाहिले तर येथे सारे जिन्नस हजर आहेत. कचेरी, साहेब, संशयी बायको, पळवाटा शोधणारा नवरा. फक्त ते तुकड्यातुकड्यांनी, दुसऱ्याच्या पानातील चटणीकोशिंबिरीप्रमाणे वाढले गेले.

दूरचित्रवाणीने या चित्रांना कोणत्या खणात टाकले हे पाहावयाचे तर, ज्या रसमड्यात बसून आम्ही हे लिहीत आहो तो मुलूख त्याचे चांगले उदाहरण आहे. रसमडा हे हावडा-मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्या दरम्यानचे एक स्थानक. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून हा प्रदेश नागपूरला बांधलेला. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेने ते बंधन तुटले, आणि तोवर शेजारी भिलाईत सोव्हिएत सहकार्याने पोलादाचा कारखाना उभारण्याचे काम सुरू झाले होते, ज्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पेटली. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे तेव्हापासून येथे स्थायिक आहेत. दुर्ग-भिलाईच्या थिएटरांत परवान्याचे ते कलम लागू होतेच, तेव्हा पाळी बदलून आलेल्या कामगाराने सरकारी चित्रे पाहिली ती मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या माणसांसाठी म्हणून. मग उपग्रह आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील वीस जिल्ह्यांच्या सुमारे चोवीसशे खेड्यांत ‘साइट’ या नावाने दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, आणि तेव्हाच्या मध्यप्रदेशातून त्यासाठी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे निवडले गेले. खेड्यात तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री आणि तिच्याखाली एक सार्वजनिक संच. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा. संध्याकाळचे अडीच तास प्रौढांचे. मुलांना गाणी, गोष्टी आणि विज्ञान. प्रौढांना शेती, आरोग्य आणि कुटुंबनियोजन. घड्याळाची ही वाटणी जिने केली त्या लेखणीला आपण केवढी रेघ ओढीत आहो याची कल्पना नसावी. हलणारी चित्रे सकाळच्या बाजूला पडली, आणि तेथेच राहिली.

त्या सकाळच्या बाजूस जे उत्तम झाले त्यामागे एक मराठी बाई होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. विजया मुळे या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांनी १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ हे चित्र केले. रेखन भीमसेन यांचे, जे स्वतः फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागातच तयार झाले होते. संगीत वसंत देसाईंचे. आणि गाणारी मुलगी साधना घाणेकर, जिला पुढे साधना सरगम म्हणून सारा देश ओळखू लागला. त्या चित्राला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि दूरदर्शनवर ते इतके वेळा दाखविले गेले की, एका पिढीला ते पाठ झाले. यशाचाही एक दुष्परिणाम असतो. अॅनिमेशन म्हणजे मुलांना चार चांगल्या गोष्टी शिकविण्याचे साधन, ही व्याख्या त्या गोड चित्राने अभावितपणे पक्की करून टाकली. वस्तुतः संध्याकाळच्या प्रौढांना विनोद कळत नव्हता असे कोण म्हणेल? याच दुर्ग-राजनांदगावच्या खेड्यांत रात्ररात्र चालणारा नाचा हा लोकनाट्यप्रकार, त्यातील जोक्कडांची म्हणजे विदूषकांची अर्वाच्य हजरजबाबी, मालगुजार आणि पोलीस यांची होणारी यथेच्छ टवाळी. दुर्गजवळच्या बघेऱ्याच्या दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा लोकमंचाचा प्रयोग उभा केला तेव्हा त्यास लोटलेले जनसमुदाय. या सर्वांकडे पाहता येथला शेतकरी उपदेशापेक्षा उपरोधच अधिक पसंत करतो हे दिसण्याजोगे होते. पण संध्याकाळच्या संचावर त्याला खतांची मात्रा सांगितली गेली, तीही छत्तीसगढीत नव्हे, हिंदीत.

मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्याचा पसारा वरळीस गेला. वरळी आणि पेडर रोड यांच्यामधले अंतर बसच्या काही थांब्यांचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वरळीच्या त्या केंद्रावरून विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ‘चिमणराव’ ही मालिका सादर केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आणि मराठी घरांना पहिल्यांदा असा अनुभव आला की, एक कुटुंब ठरलेल्या वारी आपल्या दिवाणखान्यात येते, फजीत होते, आणि पुढच्या खेपेस काहीच न शिकता पुन्हा येते. कौटुंबिक विनोदी मालिकेची याहून नेमकी व्याख्या कोणास करता येईल असे वाटत नाही. या चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी हे बडोद्याचे, पाली भाषेचे गाढे पंडित. म्हणजे ज्या जातककथांतून पेडर रोडच्या मंडळींनी आपला पहिला मृगराज उचलला, त्या कथा ज्यांना मूळ पालीत तोंडपाठ असाव्यात त्याच गृहस्थांच्या लेखणीतून मराठीतील सर्वांत टिकाऊ विनोदी कुटुंब उतरले होते. मृगराज रेषेत आला. चिमणराव आले नाहीत. फिल्म्स डिव्हिजनचे दफ्तर वेगळे, दूरदर्शनचे वेगळे; मंत्रालय एकच, पण एका शाखेने काढलेल्या चित्रांचा पैसा थिएटरच्या भाड्यातून यावयाचा आणि दुसरीच्या कार्यक्रमांचा अर्थसंकल्पातून; आणि ज्याच्या नावे खर्चाचे लेखाशीर्ष नाही ती वस्तू सरकारी जगात जन्मास येत नसते.

खासगी प्रायोजकांना दार उघडले ते १९८४ मध्ये, ‘हम लोग’ आणि ‘ये जो है जिंदगी’ यांच्या वेळी. दुसरी मालिका तर शुद्ध दांपत्यविनोदाची, शरद जोशींनी लिहिलेली; फ्लिन्टस्टोनच्या घरातलीच भांडणे मुंबईच्या फ्लॅटमध्ये. चार वर्षांनी आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रावरून ‘वागळे की दुनिया’ आली, आणि गंमत अशी की, देशातील सर्वांत प्रसिद्ध व्यंगचित्रकाराची ती सृष्टीही हाडामांसाच्या नटांनीच वठविली. यात निर्मात्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दूरदर्शन तेरा भागांची मंजुरी देई. वर सांगितलेल्या हिशेबाने तेरा भागांना दोन लाखांवर चित्रे लागली असती, आणि नट घेतले तर तेच काम तीन भिंतींच्या दिवाणखान्यात आठवड्याला एक भाग या गतीने उरकत होते. हॅना-बार्बेरांची काटकसरीची युक्ती येथे कोणास ठाऊक नव्हती असे नव्हे. परंतु वीक्सच्या तालमीत डिस्नेची भरघोस चाल शिकलेल्या हातांना ती कामचुकारपणा वाटत असावी, असा आमचा तर्क आहे. १९८६ मध्ये शुद्धसत्त्व बसू यांची ‘गायब आया’ ही देशातील पहिली अॅनिमेशन मालिका दूरदर्शनवर झाली. तिचा नायक एक मायाळू भूत होते आणि प्रेक्षक मुले होती.

अमेरिकेत मात्र तो जुना साचा पुन्हा जागा झाला. मॅट ग्रेनिंग यांचे सिम्प्सन कुटुंब १९८७ मध्ये दुसऱ्याच एका कार्यक्रमाच्या फटीतून मिनिटा-मिनिटाने डोकावले आणि १७ डिसेंबर १९८९ पासून स्वतंत्र अर्ध्या तासाचे धनी झाले. खरे तर ते काही महिने आधीच यावयाचे, पण सेऊल येथील कारखान्यातून रंगून आलेला पहिला भाग इतका बिघडलेला निघाला की, तो बहुतांशी नव्याने करावा लागला आणि नाताळाचा भाग आधी दाखवावा लागला. या तपशिलात पुढील सारी व्यवस्था दिसते. संवाद, संहिता आणि मुख्य आराखडे लॉस एंजेलिसला. हजारो मधली चित्रे कोरियात. म्हणजे जो श्रम मुंबईला परवडत नव्हता तो अमेरिकेलाही परवडत नव्हता, तिने तो केवळ स्थलांतरित केला. त्याच सुमारास युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींसाठी ‘मीना’ ही मालिका योजिली आणि तिची धुरा राममोहनांकडे दिली. तिचे आरंभीचे भाग तयार झाले मनिला येथे, आणि ज्या कारखान्यात झाले तो हॅना-बार्बेरांचाच होता! फ्लिन्टस्टोनच्या घराण्याची आणि पेडर रोडच्या घराण्याची अशी गाठ पडली ती साठीला टेकलेल्या राममोहनांच्या हातून, आणि पडली ती आंब्याचा मोठा वाटा भावाला का, असे विचारणाऱ्या एका लहान मुलीच्या निमित्ताने. पुढचे भाग मुंबईस झाले. नव्वदीच्या अखेरीस मुंबई, हैदराबाद, त्रिवेंद्रम येथील कारखान्यांना परदेशी मालिकांची मधली चित्रे काढण्याची कामे मिळू लागली. आराखडा तिकडचा, मजुरी इकडची.

फिल्म्स डिव्हिजनच्या विभागात वाढलेले व्ही. जी. सामंत यांनी मिलिंद उके यांच्यासह ‘हनुमान’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो २१ ऑक्टोबर २००५ रोजी प्रदर्शित झाला आणि चांगला चालला. त्याच्या यशाने जो पायंडा पडला तो बाल-हनुमान, बाल-गणेश, बाल-भीम असा खाली खाली वयाकडे गेला. प्रौढांकरिता म्हणून जे उरले ते वृत्तवाहिनीने उचलले. ‘आज तक’च्या समूहाने २०११ पासून ‘सो सॉरी’ या नावाने पुढाऱ्यांची हलती व्यंगचित्रे बातम्यांच्या मध्ये दाखविण्यास आरंभ केला. ती बहुतेक मुकी असतात; मंत्री धावतो, घसरतो, खुर्चीवरून पडतो, आणि अनेक भाषांच्या देशात त्यास भाषांतर लागत नाही. त्यांची लांबी एकदोन मिनिटे, फार तर तीन.